बंबवाल्यांची अंघोळ

त्या घरात माणसं तीन आणि तिघांचंही पोट पाण्यावर. सासरे आगीच्या बंबावर होते. निवृत्त होऊन जमाना झाला तरी सगळी गल्ली त्यांना बंबवाले म्हणूनच ओळखायची. मुलगा पेट्रोल पंपामागच्या शेडमध्ये गाड्या धुवायचा. आणि सून मोठ्या दवाखान्यात, अंथरुणाला खिळलेल्यांच्या वॉर्डात, माणसं धुवायची. म्हणजे अंघोळी घालायची. कागदावर तिच्या कामाला स्पंजिंग असं नाव होतं, पण तो शब्द तिला मान्य नव्हता. "स्पंज भांड्यांना करतात," असं तिचं मत होतं, आणि एकदा झालेलं मत बदलायची तिला सवय नव्हती.

वॉर्डात तिला कोमटबाई म्हणत. हे नाव काही कुणी कौतुकानं ठेवलेलं नव्हतं. खालच्या बॉयलरवाल्यानं वैतागून ठेवलं होतं. तो बिचारा बादल्या भरून लिफ्टनं वर पाठवायचा आणि ही मनगटाची आतली बाजू पाण्याला लावून त्या परत खाली पाठवायची. "हे गार आहे." "हे कढत आहे, बटाटे नाही उकडायचे मला." "आता बरं होतं, पण वर येईपर्यंत निवलं." बॉयलरवाल्याच्या नाकी नऊ यायचे. एकदा त्यानं तक्रार केली तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी दोघांना समोर उभं केलं. बॉयलरवाला म्हणाला, साहेब, कोमट म्हणजे नेमकं किती ते हिला एकदा लिहून द्यायला सांगा. कोमटबाई म्हणाली, लिहून कशाला, या बॉयलरवाल्यानंच खाटेवर पडावं, मी दाखवते. तक्रार तिथंच मिटली.

इतकी वर्षं लोकांच्या अंगावर पाणी घालून तिला माणसांबद्दल बरंच काही कळलं होतं. पाण्याचा पहिला मग पडला की कुणी श्वास रोखतं, कुणी शिवी हासडतं, कुणी आईला हाक मारतं. आईला हाक मारणाऱ्यांत सगळ्यात जास्त भरणा मोठ्या हुद्द्यावरून उतरलेल्या साहेबांचा. एक मुख्याध्यापिका होत्या, त्या डोळे मिटून पाढे म्हणायच्या आणि मध्ये कुठे अडल्या तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या, तोवर साबण वाळून जायचा. एक ट्रकवाला होता. डोक्यावर पाणी पडलं की तो गायचा, आणि असा काही गायचा की शेजारच्या खाटेवरचे हात जोडून म्हणायचे, बाई, याची तेवढी आधी उरका हो.

एक नियम मात्र ती डोळ्यात तेल घालून पाळायची. नाही म्हणणाऱ्या माणसाच्या अंगावर पाणी टाकायचं नाही. मग तो नाही वेडा असो, शहाणा असो, सकाळपासून चौथ्यांदा असो. नोकरीला लागली तेव्हा तिनं एका म्हातारीला दोघी जणींनी दाबून धरून धुताना पाहिलं होतं. म्हातारी बुडणाऱ्या माणसासारखी ओरडत होती आणि त्या दोघी एकमेकींशी संध्याकाळच्या बसबद्दल बोलत होत्या. त्यातली एक पुढे हिची मैत्रीण झाली, स्वभावानं चांगली बाई. पण ते ओरडणं काही हिच्या कानातून गेलं नाही. तेव्हापासून ही आधी विचारायची. नाही म्हटलं की बादली झाकून बाजूला बसायची आणि थोड्या वेळानं परत विचारायची. बाकीच्या हसायच्या. हसेनात का.

घरी मात्र तिन्ही माणसांचं पाण्याचं शास्त्र वेगवेगळं होतं. सासऱ्यांनी उभ्या जन्मात टाक्याच्या टाक्या पाणी लोकांच्या घरांवर ओतलं, पण स्वतःच्या घरात त्यांचा हात असा आखडता की तोंड धुवायला चूळभर आणि अंघोळीला अर्धी बादली. कुणी नळ जरा मोठा सोडला की बाहेरच्या खोलीतून आवाज यायचा, "कुठं लागलीय आग?" नवरा दिवसभर फवाऱ्यात उभा असायचा, संध्याकाळी सुरकुतलेली बोटं घेऊन घरी यायचा आणि मग पाण्याला हात लावायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं. जेवलेलं ताट उचलून मोरीत ठेवायचं, एवढीच त्याची पाण्याशी ओळख. आणि ही कोमटबाई. हिच्या स्वतःच्या अंघोळीचं म्हणाल, तर सकाळी सगळ्यांचं आवरून जे काही बादलीत उरलेलं असेल त्यात ती उरकायची. ते कोमट आहे की गार, हे बघायला कुणाला वेळ होता?

तर असे हे बंबवाले, शिड्या चढले, भिंती कोसळताना खालून सटकले, एकदा तर जळत्या गोदामातून मांजर घेऊन बाहेर आले आणि मांजरानंच बोचकारलं तेवढी काय ती जखम. इतक्या आगींतून सहीसलामत सुटलेला माणूस शेवटी आडवा झाला तो आपल्याच न्हाणीघरात. ओल्या फरशीवर पाय सरकला. पडल्या पडल्या पहिलं वाक्य काय, तर "नळ बंद करा आधी."

खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन झालं, म्हातारबुवा घरी आले आणि बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर पडले. बसवलं तर बसायचे, कुशीवर वळवलं तर वळायचे, पण पायावर उभं राहणं संपलं ते संपलंच. ओल्या फडक्यानं तोंड आणि हात पुसायचे तेवढं त्यांचं ते करायचे. बाकीचं? "बाकीचं माझं मी बघतो," म्हणायचे. त्यांनी काही बघितलं नाही. खाटेला धरून एक माणूस स्वतःची पाठ कशी धुणार, हे विचारायची सोय नव्हती.

पहिले काही दिवस कुणी बोललं नाही. मग खोलीला वास यायला लागला. आलेगेले दाराशीच उभं राहून चौकशी करायला लागले आणि कधी नव्हे ती सगळ्यांना घाई असायला लागली. सासऱ्यांच्या ते लक्षात येत होतं. न कळायला ते काही खुळे नव्हते. दार वाजलं की ते झोपेचं सोंग घ्यायला लागले, आणि जन्मभर गल्लीशी मोठ्यानं गप्पा मारलेल्या माणसानं डोळे मिटून पडून राहावं, हे सुनेला बघवत नव्हतं.

टाके बघायला दवाखान्यातून एक सिस्टर यायची. टाके छान भरत होते. तिनं सहज म्हणून कुशीवर वळवलं आणि वाकून पाठीकडे बघितलं. कंबरेच्या वर, हाडाशी, कातडी लालभडक झाली होती. सिस्टर बाहेर आली आणि सुनेला म्हणाली, "अगं, दुसऱ्यांचे पेशंट तू असे लख्ख ठेवतेस, आणि घरात हे?"

सुनेला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"मी पुढच्या सोमवारी येणार," सिस्टर म्हणाली. "तोवर ती पाठ धुतलेली, कोरडी दिसली तर ठीक. नाहीतर जखम व्हायला वेळ लागत नाही, तुला मी काय सांगू. मग मला यांना वॉर्डातच हलवावं लागेल. माझा नाइलाज आहे."

हे सासऱ्यांनी आतून ऐकलं. ती गेल्यावर छताकडे बघत म्हणाले, "वॉर्डात मी कितीतरी माणसं पोचवलीत. परत आणलेलं एकही आठवत नाही." आणि त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. हा माणूस घाबरू शकतो, हे सुनेनं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

वॉर्ड तिचाच होता. तिथं काही माणसं मारून टाकत नाहीत. पण एका खाटेला किती वेळ मिळतो, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? आणि तिच्या सुटीच्या दिवशी तिथं नाहीला कुणी विचारत नाही, हेही तिलाच ठाऊक होतं. म्हातारा तिथं गेला तर दोघी जणी दोन बाजूंनी धरणार आणि बसबद्दल बोलणार. ते तिला नको होतं. सासरे तिच्याशी आयुष्यात गोड बोलले असतील तर दोन-चारदा, पण माणूस तिच्या घरचा होता.

त्याच संध्याकाळी ती बादली घेऊन खाटेपाशी गेली. "बाबा, पाणी आणलंय. घालू का?"

"सुनेच्या हातून अंघोळ?" बंबवाले म्हणाले. "त्यापेक्षा जाळून टाक मला."

"जाळलं तर विझवायला कोण येणार? सगळे तुमच्यासारखे रिटायर झाले."

त्यांच्या मिशीत काहीतरी हललं, पण उत्तर तेच. नाही म्हणजे नाही. तिनं बादली झाकली, बाजूला बसली, थोड्या वेळानं परत विचारलं. नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, नाही. पालथ्या घड्यावर पाणी! हाड मोडलं तरी ताठा मोडला नव्हता.

मग तिनं वॉर्डातल्या पहिलवानाला घरी बोलावलं. पहिलवान म्हणजे तिच्यासोबत अंघोळी घालणारा तिचा जोडीदार. दिसायला दरवाजाएवढा, हात मात्र असे हलके की तान्ह्या बाळाचीही झोप मोडायची नाही. तो आत गेला, "काका, नमस्कार," म्हणाला, आणि पुढच्या क्षणी पाण्याचा मग उडत बाहेर आला. त्यामागून पहिलवान आला. कपाळाला टेंगूळ नव्हतं, पण मन दुखावलं होतं. "मला म्हणाले, परक्यासमोर कपडे काढायला मी काय बाजारात उभा आहे का," तो म्हणाला. चहा घेऊन गेला बिचारा.

म्हणजे सून नको आणि परका नको. मग उरलं कोण?

"तुम्ही घाला," ती नवऱ्याला म्हणाली.

नवऱ्याचा घास हातातच राहिला. "मी?"

"मुलगा ना तुम्ही त्यांचे?"

"अगं, मी गाड्या धुतो."

"गाडीपेक्षा लहानच आहेत बाबा."

"माझ्याच्यानं नाही होणार," तो म्हणाला, आणि ताट मोरीत ठेवून गच्चीवर निघून गेला.

त्याचं असं होतं. बंबवाल्यांची फार इच्छा, पोरानं आपल्यामागं बंबावर लागावं. पोरगा अठरा वर्षांचा झाला तेव्हा त्याला भरतीला घेऊन गेले. धावण्यात पास, वजन उचलण्यात पास. शेवटी उंच शिडी. पोरगा चढला, वर पोचला, खाली बघितलं, आणि गोठला. वरही जाईना, खालीही येईना. खालून साहेब ओरडले, बाकीची पोरं हसली. शेवटी बंबवाले स्वतः चढले आणि अठरा वर्षांच्या घोड्याला खांद्यावर टाकून सगळ्यांदेखत खाली घेऊन आले. जमिनीवर उतरवलं आणि एक शब्द न बोलता घरी चालत गेले. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं म्हणजे "जेवलास का", "पंखा लाव", "दार ओढून घे". भांडण नाही, तंटा नाही. पण त्यानंतर दोघांचा एकमेकांना हात म्हणून लागला नव्हता. ऑपरेशनला नेतानासुद्धा मुलगा स्ट्रेचरच्या दांड्याला धरून चालला होता. गाड्या धुवायच्या कामाला सासरे काम म्हणायचे नाहीत. "कारंजं उडवतो," म्हणायचे.

कोमटबाई त्याच्यामागोमाग गच्चीवर गेली. तो टाकीला टेकून उभा होता.

"तुम्हाला त्यांची किळस वाटते का?" तिनं सरळ विचारलं.

"नाही गं. भीती वाटते."

"कसली?"

"त्यांना हात लावायची." मग म्हणाला, "कुठून धरायचं तेच मला माहीत नाही. लहानपणी धरलं असेल, आठवत नाही."

ती म्हणाली, "मी शिकवते."

तोंडी शिकवून बघितलं. तो मान डोलवायचा, पण डोक्यात गाडीच शिरायची. शेवटी रविवारी दुपारी सासरे झोपल्यावर तिनं आतल्या खोलीतल्या पलंगावर मेणकापड पसरलं, जुना गाऊन घातला, शेजारी बादली आणि मग ठेवला आणि स्वतः आडवी झाली.

"आता मी म्हातारा," ती म्हणाली. "धुवा."

नवऱ्यानं एकदा तिच्याकडे, एकदा बादलीकडे बघितलं. मग बाह्या सारल्या आणि उभ्या उभ्या, कंबरेच्या उंचीवरून, मगभर पाणी तिच्या तोंडावर फेकलं. तिच्या नाकात पाणी गेलं. खोकत खोकत ती उठून बसली.

"अहो, मी बोनेट आहे का?"

"चुकलं. जवळून टाकतो." आणि तो पायाकडे गेला.

"तिकडे कुठं चाललात?"

"चाकं आधी. जास्त घाण तिथं असते."

"तोंड आधी. मग मान, छाती, हात. पाय शेवटी. आणि पाणी टाकायच्या आधी स्वतःच्या मनगटावर बघा, बोटांवर नको, तुमच्या बोटांना काही कळत नाही. जेवढा भाग धुवाल तेवढाच उघडा, बाकीचं झाकलेलं असू द्या. माणसाला लाज असते, गाडीला नसते."

तो शिकत होता. कपाळ, गाल, कानामागे. जीभ किंचित बाहेर काढून, नव्या गाडीच्या काचेला लागतो तसा तो कामाला लागला. मान झाली, हात झाले. आणि इतक्या वर्षांची सवय ती, हात थांबवून तो अगदी मनापासून म्हणाला, "आतून पण करायचं का?"

कोमटबाईला असं हसू फुटलं की तिचा पाय लागून बादली कलंडली आणि पाणी खोलीभर झालं. तोही हसायला लागला. बाहेरून आवाज आला, "कुठं लागलीय आग?" दोघांनी तोंडं दाबून घेतली. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं चोरून हसणं त्यांच्या वाट्याला फारसं आलेलं नव्हतं.

दुसरी बादली भरून आली. यावेळी पाणी बरोबर कोमट होतं. बॉयलरवाल्याला आयुष्यभर जमलं नव्हतं ते यानं दुसऱ्या खेपेला करून दाखवलं. तिनं पाठीचं शिकवलं. पाठ सगळ्यात अवघड. माणसाला उठवून बसवायचं, त्याची छाती आपल्या छातीला टेकवायची, डोकं आपल्या खांद्यावर घ्यायचं, म्हणजे तो कलंडत नाही. एका हातानं धरायचं आणि दुसऱ्यानं पाठीवरून हळू पाणी सोडायचं. "घाई करायची नाही," ती त्याच्या खांद्यावरूनच सांगत होती. "आपण घाबरलो की त्यांना कळतं."

त्यानं पाणी सोडलं. मानेपासून कंबरेपर्यंत, हळूहळू.

ती बोलायची थांबली. पुढचं सांगायचं होतं, घड्या कशा पुसायच्या, कोरडं कसं करायचं, सगळं ओठांवर होतं आणि बाहेर येईना. आई अंघोळ घालायची थांबली त्यानंतर आपल्या अंगावर दुसऱ्या कुणी पाणी घातलंय असं तिला आठवेना. एवढ्या लोकांना घातलं. तिला बरं वाटत होतं, इतकं बरं की रागच आला. कुणाचा राग ते कळेना. नवऱ्याचा, उरलेल्या अर्ध्या बादल्यांचा, की स्वतःचा, कधी मागितलंच नाही म्हणून. डोळ्यांतून पाणी आलं ते तिनं येऊ दिलं. पाठीमागचं त्याला काही दिसत नव्हतं.

"तुझे हात किती खरखरीत झालेत गं," तो म्हणाला.

"पाण्यानं."

"हो, माझेही." त्यानं पाठीवरून आणखी थोडं पाणी सोडलं. मग, "अगं, झोपलीस का?"

"नाही, मेलेय."

"जमलं का मला?"

अगदी व्यवस्थित जमलं होतं. वॉर्डात नव्यानं लागलेल्या बायकांना इतकं लवकर जमत नाही. कोमटबाई जन्मात कामाच्या बाबतीत खोटं बोललेली नव्हती. "नाही," ती म्हणाली. "पाठ नीट नाही झाली. परत एकदा घाला."

त्यानं परत घातली.

दुसऱ्या दिवशी सोमवार. सिस्टर दुपारी यायची. सकाळी नवऱ्यानं शेडवर निरोप दिला, उशीर होईल. बादली भरली, मनगट लावलं, परत गार ओतलं, परत मनगट लावलं. एवढं कोमट पाणी त्या घरानं कधी बघितलं नव्हतं. मग तो बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यावर जाऊन उभा राहिला. मागे कोमटबाई. नियम तिनं त्याला बजावून सांगितला होता: विचारायचं. नाही म्हणाले तर परत यायचं, वाद घालायचा नाही. वॉर्डात गेले तर गेले, पण जबरदस्ती या घरात होणार नाही.

"बाबा, अंघोळ घालू का?" तो म्हणाला. आवाज जरा चिरकला.

बंबवाले छताकडे बघत होते. "तुला येते?"

"शिकलोय."

"कुणाकडे?"

"हिच्याकडे."

नळाचा एक थेंब मोरीत पडला तोसुद्धा ऐकू आला. कोमटबाईनं मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. टॉवेल, दोन बनियन, चष्मा.

"शिडीबिडी नाही ना चढायची?" सासरे म्हणाले.

मुलाचे कान लाल झाले. "नाही."

"मग ये." आणि नजर छतावरच ठेवून, "सूनबाई बाहेर. दार लावून घे."

तिनं दार लावलं, बाहेर स्टूल ओढलं, आणि कोरडा टॉवेल मांडीवर घेऊन बसली. आत काय चाललंय ते बघायची गरज नव्हती, तिला आवाजावरून कळत होतं. हा मग बादलीत बुडला. हे तोंड. ही मान.

"पाणी सोड!" आतून सासऱ्यांचा बंबावरचा आवाज आला, गल्लीत ऐकू जाईल असा.

"सोडलं."

"दाब कमी!"

"केला."

"डावी बाजू! डावी, माझी डावी! बंद! पुढं सरक!"

कोमटबाईनं पदर तोंडात धरला. म्हातारबुवांनी अंघोळ घालून घ्यायची नाही, हुकूम सोडून ती करवून घ्यायची, असा मार्ग शोधून काढला होता. आणि पोरगाही तसाच उत्तरं देत होता, "सोडलं", "बंद केलं", "सरकलो", भरतीच्या मैदानावर द्यायची राहिली होती तितक्या खणखणीत आवाजात.

ज्यांना फक्त निकालाची घाई आहे त्यांना इथंच सांगून टाकलेलं बरं. दुपारी सिस्टर आली, पाठ बघितली, "असंच चालू ठेवा," म्हणाली. म्हातारा घरीच राहिला. पण ती दुपार झाली. आपण अजून सकाळीच आहोत, आणि पाठ व्हायची आहे.

"आता पाठ, बाबा," मुलगा आत म्हणाला. "उठवून बसवतो. माझ्या खांद्यावर डोकं टेका."

"टेकतो." खाट करकरली.

मग पाण्याचा आवाज आला, अगदी बारीक, हळू सोडलेला. तसाच शिकवला होता. थोडं पाणी, मग थांबून परत थोडं. कोमटबाई मनात मोजत होती, मान, पाठीचा कणा, कंबर. मग पाणी थांबलं. हातातला मग बादलीत पडल्याचा आवाज झाला. आणि नंतर काहीच नाही. ना हुकूम, ना उत्तर. तिच्या इतक्या वर्षांच्या अंघोळींत असली शांतता कुठे बसत नव्हती. मग एक आवाज आला, दाबलेला, घशातून तुटून आल्यासारखा, आणि परत एक. तिच्या काळजाचं पाणी झालं. ती लाल कातडी! हात जोरात लागला असणार. खुबा हलला असणार. ती ताडकन उठली आणि तिचा हात कडीवर गेला.

"बाबा! काय झालं? दुखलं का हो?"

"दार उघडू नकोस," सासरे आतून म्हणाले. हुकमाचा आवाज नव्हता तो. हा आवाज तिनं या घरात कधी ऐकलाच नव्हता. "मला काही झालेलं नाही. हा रडतोय. तू थांब जरा, मी धरलंय त्याला."

तिनं कडीवरचा हात काढला आणि ती परत स्टुलावर बसली.